वास्तुविशारदाची उमेदवारी

(मंडळाच्या राणीसावरगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गंगाखेड तालुक्यातील या आपल्या गावी मला बोलावून माझ्या व्यवसायाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा मंडळाने केली, याबद्दल मी ऋणी आहे. सत्कार झाला की सत्कारमूर्तीने गोड बोलावे असा संकेत आहे. परंतु ज्यांची मुलेमुली आज वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात आहेत, किंवा पुढील वर्षी जाऊ पाहत आहेत, अशी काही कुटुंबे या मांडवात बसली आहेत. त्यांना गोड बोलण्यापेक्षा खरे बोलणे अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

आपली ज्ञाती विश्वकर्म्याचे नाव घेणारी. उमेदवारी म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांत कोणाला समजावून सांगावे लागत नसे. पोर कळत्या वयाचे झाले की वडिलांच्या किंवा मामाच्या हाताखाली लागे. आरंभी ढलप्या गोळा करी, वाकसाला धार लावी, रंध्याचे पाते बसवी. मोबदला म्हणून दोन वेळचे जेवण आणि प्रसंगी एक टपली! परंतु ज्याच्या हाताखाली तो असे, त्याच्या शेजारीच तो उभा असे. लाकडातील गाठ कोठे टाळावी, कुसू किती घट्ट बसवावे, ओळंबा कोणत्या वेळी पुन्हा सोडून पाहावा, हे त्याला कोणी व्याख्यान देऊन शिकवीत नसे. ते त्याला दिसत असे. शिवाय हत्यार बदलत नसे. आजोबांचा वाकस नातवाच्या हाती येई, आणि तो कोणाला भाडे न देता येई.

माझ्या व्यवसायाचे हत्यारही पुष्कळ काळ असेच स्थिर होते. १९१७ साली मुंबईच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आपली संघटना काढली, तिच्यातूनच पुढे वास्तुविशारदांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. त्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर जे होते, साधारणतः तेच सत्तर वर्षांनंतरच्या विद्यार्थ्याच्या टेबलावरही होते: टी-स्क्वेअर, त्रिकोणी पट्ट्या, पारदर्शक कागद, शाईची लेखणी आणि चुकलेली रेघ खरवडण्यासाठी दाढीचे पाते. अमोनियाचा वास येणाऱ्या छापील प्रती ज्यांनी बांधकाम खात्यात हाताळल्या आहेत असे दोन-तीन गृहस्थ पहिल्या रांगेत मला दिसतात. त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

मग बदल सुरू झाला. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत आयव्हन सदरलँड यांनी प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा काढणारी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली सिद्ध केली. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आले आणि लहान संगणकावर नकाशा काढता येऊ लागला. २००० साली रेव्हिट आले. या दोहोंतील भेद सांगण्याजोगा आहे. ऑटोकॅडमध्ये रेघ ही रेघच असते; भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. रेव्हिटमध्ये भिंत ही भिंत म्हणून नोंदली जाते. तिच्यातील खिडकी सरकवली की दर्शनी भाग, छेद आणि मोजमापांचे कोष्टक आपोआप बदलते. हे सामर्थ्य थोडे नव्हे. यंत्राची निंदा करण्यास मी येथे उभी नाही.

माझी तक्रार निराळी आहे. महाविद्यालयात मी प्रथम हाताने रेखाटन केले, नंतर ऑटोकॅड शिकले. नोकरीस लागले, तो तेथे रेव्हिट. ते रात्री जागून आत्मसात केले, तो ग्राहकांना छायाचित्रासारखी हुबेहूब चित्रे हवीशी झाली. त्यासाठी तिसरी प्रणाली. आणि २०२२ पासून तर चार शब्द लिहिले की इमारतीचे चित्र काढून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. आता घर बांधू इच्छिणारा गृहस्थ भ्रमणध्वनीवर तयार चित्र घेऊनच येतो आणि म्हणतो, ‘ताई, असेच पाहिजे.’ त्या चित्रात सज्जाला आधार नसतो, आणि जिना ज्या मजल्यावर जातो तो मजलाच नसतो!

बरे, ही हत्यारे आपल्या मालकीचीही नाहीत. ऑटोकॅड आणि रेव्हिट विकणाऱ्या कंपनीने २०१६ पासून नव्या ग्राहकांना कायमची प्रत विकणे थांबविले; आता ठराविक मुदतीचे भाडे भरावे लागते. भाडे थांबले की रेव्हिटमध्ये मी स्वतः केलेला आराखडा मला त्यात बदलून जतन करता येत नाही. हे दुःख केवळ आपल्यासारख्या लहानांचे नाही. जुलै २०२० मध्ये झहा हदीद यांच्या नावाने चालणाऱ्या कार्यालयासह ब्रिटनमधील नामवंत कार्यालयांनी या कंपनीला खुले पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले की, किंमत वाढते पण रेव्हिटची सुधारणा त्या मानाने होत नाही. तेथे मोठ्यांची ही कथा, तर तालुक्याच्या गावी एका खोलीत व्यवसाय मांडणाऱ्या मुलाने काय करावे? तो चोरीची प्रत वापरतो, आणि पकडले जाण्याच्या भीतीत राहतो.

तथापि पैशापेक्षाही मोठी हानी वेळेची आणि शिक्षणाची होते. पूर्वी दर्शनी भाग बदलणे म्हणजे दोन दिवसांचे काम, म्हणून तो बदल विचारपूर्वक सांगितला जाई. आज तो तासाभरात होतो, म्हणून रात्री नऊ वाजता सांगितला जातो. यंत्राने वाचविलेला वेळ उमेदवाराला परत मिळत नाही. त्याच्याकडून तीन पर्यायांऐवजी बारा पर्याय घेतले जातात. ज्या कार्यालयात मी दोन वर्षे काढली, तेथील मुख्य वास्तुविशारद अनुभवी होते, पण त्यांना नवी प्रणाली येत नव्हती. मला प्रणाली येत होती, पण अनुभव नव्हता. शहाणपणाने पाहता आम्ही शेजारी बसावयास हवे होते. प्रत्यक्षात मी पडद्यापुढे आणि ते कामावर! दोन वर्षांत बांधकामाच्या जागी मी किती वेळा गेले, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. मुलगी म्हणून धाडण्यास कां-कूं होई ते वेगळेच. वस्तुतः पेरिन मिस्त्री यांनी १९३६ सालीच मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून वास्तुकलेची पदविका मिळविली होती. आडनावही आपल्या धंद्याला शोभणारे.

यावर बाळकृष्ण दोशींचे उदाहरण आम्हांला हटकून ऐकविले जाते. पुण्यात जन्मलेले दोशी १९५१ साली पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे गेले, पहिले आठ महिने बिनपगारी राबले, आणि २०१८ साली प्रित्झकर पारितोषिकाचे मानकरी झाले. सर्व खरे. पण ते गुरूच्या शेजारी बसून राबले, आणि पुढे त्यांच्याच अहमदाबादच्या इमारतींवर देखरेख करण्यास उभे राहिले. त्यांना उमेदवारी मिळाली. आम्हांला तिच्यातील बिनपगारी भाग तेवढा मिळतो.

हे केवळ आमचे रडगाणे नाही, हे आपल्या मराठवाड्याला सांगण्याची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, आतबाहेरचे दोन पदर एकमेकांत गुंतविणारे लांब दगड नाहीत, आणि वर माळवदाच्या मातीचा भार. भिंतीचे पदर सुटले आणि घरे बसली. मात्र जेथे खांब-तुळयांची चौकट नीट सांधलेली होती, तेथे भिंत ढासळूनही माळवद वर टिकल्याची उदाहरणे आढळली. ते सांधे आपल्याच धंद्यातील हातांनी केले होते. आता हे लक्षात घ्या की, संगणकाच्या पडद्यावर दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. जाडी लिहिली, दगडाची खूण भरली, झाले. आत जोडदगड आहे की नाही, हे यंत्र विचारीत नाही; ते विचारणारा माणूस लागतो, आणि त्याने एकदा तरी भिंत रचली जाताना पाहिलेली असावी लागते.

कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. १९७२ च्या अधिनियमाने ‘आर्किटेक्ट’ हे नाव राखून ठेवले आहे, काम नव्हे. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ लावला. ज्याच्यापाशी संगणक, तो नकाशा काढतो.

मंडळाकडे माझे मागणे मोठे नाही. आपण विद्यार्थ्यांना शुल्कासाठी साहाय्य देता, त्यात पुढील वर्षापासून संगणकासाठीही काही तरतूद करावी. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला बरा संगणक घेताना घरातील दागिना मोडावा लागल्याचे मी पाहिले आहे. दुसरे, थोडे संकोचाने सांगते: ‘बाळ, जरा नकाशा काढून दे, घरचेच काम आहे,’ असे म्हणणाऱ्या काका-मामांनी सुताराची मजुरी बुडविली असती काय, याचा विचार करावा. नकाशाचे पैसे द्यावेत, आणि त्या मुलाला पायाभरणीपासून कौले चढेपर्यंत कामावर येऊ द्यावे, मिस्त्रींच्या शेजारी उभे राहू द्यावे.

या भागात खणांच्या हिशेबाने घर मांडणारे, माळवद उतरवून पुन्हा चढविणारे वृद्ध कारागीर अद्याप आहेत. त्यांच्यापाशी बसून त्यांची मोजमापे आणि सांधे टिपून घेण्याचे काम मी या उन्हाळ्यात आरंभणार आहे. दोन विद्यार्थी बरोबर येतील; एक वही घेईल, दुसरा संगणक. ज्यांच्या घरी जुने माळवद अद्याप उभे आहे, त्यांनी जेवणापूर्वी मांडवाच्या दाराशी मला आपल्या गावाचे नाव सांगावे. मी तेथे वही घेऊन उभी आहे.