वाड्याचे सागवान आणि आजचा लाकडी मनोरा



घराचा विषय निघाला की मराठी मनाला वाडा आठवतो: सागवानी खांब, भक्कम तुळया, कडीपाटाचे छत. त्याबरोबर १८२८ साली शनिवारवाड्याला लागलेली आगही आठवते. लाकडी इमले भस्मसात झाले. उरले दगडी जोते आणि तटबंदी. पुढे सिमेंट-पोलाद आले आणि लाकूड दारे-खिडक्यांपुरते राहिले.

तेच लाकूड आता उंची इमारतींत परतले आहे. नॉर्वेतील ब्रुमुंडाल येथे २०१९ साली पूर्ण झालेला 'म्योस्टॉर्नेट' हा १८ मजली मनोरा ८५.४ मीटर उंच आहे. त्यात हॉटेल, सदनिका आणि कचेऱ्या आहेत. त्याचे प्रचंड खांब अखंड झाडाचे नव्हेत. फळ्या वाळवून, त्यांतील सदोष भाग काढून, तंतूंची दिशा एक ठेवून त्या दाबाखाली चिकटवल्या, की 'ग्लूलॅम' तयार होते. जर्मनीच्या ओटो हेट्झर यांनी १९०६ सालीच त्याचे पेटंट मिळवले होते. थर आडवे-उभे रचले, तर भिंती आणि मजल्यांजोगे तक्ते मिळतात.

आगीचे काय? जाड तुळईचा बाहेरील थर जळून कोळसा होतो आणि तोच आतील गाभ्याचे रक्षण करतो. जळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर असल्याने स्थापत्यविशारद तितकी जाडी आधीच वाढवून ठेवतात. अर्थात लाकूड सर्वसमर्थ नाही. ते हलके असल्याने मनोरा वाऱ्याने डोलू नये म्हणून म्योस्टॉर्नेटच्या वरच्या मजल्यांवर काँक्रीटच घालावे लागले.

मग हा खटाटोप कशासाठी? जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे. वृक्ष मात्र हवेतील कार्बन शोषतो आणि इमारत उभी आहे तोवर तो लाकडात बंदिस्त राहतो. परंतु हे पुण्य दोन अटींवर पदरी पडते. तोडलेल्या वृक्षाच्या जागी दुसरा वाढला पाहिजे आणि तो पूर्ण वाढेपर्यंत तरी इमारत टिकली पाहिजे. वीस वर्षांत पाडून जाळलेले लाकडी प्रासाद हे पर्यावरणाचे रक्षण नव्हे, मिरवणे होय.

वडोदऱ्याचा तांबेकर वाडा एकोणिसाव्या शतकापासून उभा आहे. नव्या मनोऱ्यांनी जुन्या वाड्यांकडून घ्यावयाचा धडा हाच, की लाकडाची खरी किंमत त्याच्या आयुष्यात असते.