धर्माचे पांघरूण आणि रंगभूमीवरील खलपुरुष



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी खलपुरुषांवर बोलणे काहींस अप्रशस्त वाटेल. परंतु भिलाईच्या या पोलादनगरीत, आपल्या सुपेल्यात, मराठी माणसाला मराठी माणसाशी बांधून ठेवण्यात नाटकाचा वाटा मोठा आहे. आणि नाटकातील नायक विसरला, तरी खलपुरुष ध्यानात राहतो. तो का राहतो, याचा विचार आज आम्ही करणार आहोत.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. भुजंगनाथ हा पंचाहत्तरीचा धनिक एका कोवळ्या मुलीशी विवाह करू पाहतो. तिचा बाप कांचनभट पैशाच्या लोभाने तयार होतो. भद्रेश्वर दीक्षित सोयरीक जमवितो. या तिघांपैकी नास्तिक कोणीही नाही. व्यवहार विक्रीचा असला, तरी त्याचे नाव मात्र विवाहसंस्कार! हा विवाह अखेर मोडतो, तो शारदेच्या अश्रूंनी नव्हे. वधूवर सगोत्र आहेत, हे कोदंड उघड करतो म्हणून. वयातील अंतराने जो मांडव हलला नाही, तो गोत्राच्या उच्चाराने हलला. दंभाचे याहून मर्मभेदी चित्र आम्हांस ठाऊक नाही. मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविणारा कायदा होण्यास पुढे १९२९ साल उजाडावे लागले. हरविलास सारडा यांच्या नावावरून तो ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला. नाटकाच्या नावाशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग.

आता दुसरा खलपुरुष पाहू. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस विशेष आनंदाची. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणविणारा लखोबा लोखंडे नावे बदलून स्त्रियांना आणि त्यांच्या कुटुंबांना फसवितो. प्रभाकर पणशीकरांनी त्याची पाचही रूपे साकारली; त्यांतच दाजीशास्त्री दातार आणि राधेश्याम महाराज ही दोन. शारदेच्या मांडवात शास्त्र निदान आडवे तरी येते; लखोबाच्या लेखी शास्त्र म्हणजे पेटीतील आणखी एक पोशाख. त्याच्या अंतरंगात नीतीचा लढा नाही, पश्चात्ताप नाही. म्हणूनच तो अधिक भयंकर.

परंतु महाराजाचा वेष तो आणतो. महाराजपण त्याला बहाल करतात ते भोवतीचे श्रद्धाळू. श्रद्धा वाईट नव्हे. वेष पाहून चौकशी थांबविणे वाईट.

हे आम्ही येथे आवर्जून का सांगतो? मुलखापासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत अनेक सोयरिकी दूरच्या गावी, कोणाच्या तरी शब्दावर जमतात. कपाळी गंध, मुखी अभंग आणि बोली आपल्या गावाकडची, एवढ्यावर मन हरखून जाते. लखोबाला याहून अधिक काय हवे?

तेव्हा स्थळ आले की गोत्र जितक्या तत्परतेने विचारतो, तितक्याच तत्परतेने त्या माणसाची वागणूक विचारावी. आणि त्याहीआधी मुलीला विचारावे. शारदेला कोणी विचारले नव्हते.