बचत गटाचा ठेका आणि नोटिशीचा हक्क

(जयनगर, बंगळूर येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या सभेत केलेले भाषण)



आपण आज जमलो आहोत त्या जयनगरात १६ ऑगस्ट २०१७ रोजी पहिल्या इंदिरा कँटीनचे उद्घाटन झाले. ५ रुपयांत नाश्ता, १० रुपयांत जेवण. गरिबाच्या ताटात अन्न पडले, ही चांगलीच गोष्ट. पण ते शिजवण्याचे काम कंत्राटदारांकडे गेले. सरकारी अन्नाचा ठेका कोणाला मिळतो आणि तो तोडला तर दाद कुठे मागायची, हा आजचा विषय आहे. तिकडे गावी आपल्याच बहिणी-भावजया बचत गटांत आहेत, म्हणून तो आपला विषय आहे.

महाराष्ट्रात यावर मोठी लढाई झाली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या २००१ च्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी सांगितले की, अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नेमू नयेत. शक्यतो गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळे यांच्याकडे काम द्यावे. पण पुढे घरी न्यायच्या पाकीटबंद आहारासाठी यंत्रसामग्रीची अट आली. शगुन महिला औद्योगिक सहकारी संस्थेच्या प्रकरणात २०११ मध्ये न्यायालयाने सरकारचे हे धोरण उचलून धरले. चूल आणि कढई घेऊन उभ्या असलेल्या बायका बाहेर राहिल्या. महिला मंडळाच्या पाटीमागे मोठे ठेकेदार शिरले आहेत, असे न्यायालयाच्याच अन्न आयुक्तांकडून २०१२ मध्ये सांगण्यात आले.

८ मार्च २०१६ ला, म्हणजे महिला दिनीच, नवी निविदा निघाली. अनेक प्रकल्प एकत्र बांधून मोठे गट पाडले होते. छोट्या बचत गटाला तेवढा बोजा पेलणार कसा? वैष्णोराणी महिला बचत गट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सुमारे ६,३०० कोटींचे ते ठेके रद्द झाले.

एकदा हार, एकदा जीत. पण नीट पाहा. जिंकलेल्या गटालाही ठेका हातात मिळाला नाही. नव्या निविदेत उतरण्याची संधी मिळाली. न्यायालय ठेका देत नाही. सरकार मनमानी करते का, एवढेच ते तपासते.

चालू ठेका तोडला तरी तेच. श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने सगळे जिल्हा सरकारी वकील काढले होते. करार असला तरी सरकारला मनमानी करता येणार नाही, असे न्यायालयाने १९९० मध्ये बजावले. काळ्या यादीत टाकण्यापूर्वी म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, हे तर १९७४ पासून ठरलेले आहे.

आता आपल्याकडे पाहा. टपाल खात्यातील अतिरिक्त विभागीय कर्मचाऱ्यांना ‘एजंट’ म्हणत. राजम्मा प्रकरणात १९७७ मध्ये ठरले की त्यांचे पद हे सरकारी पद आहे. सुनावणीशिवाय काढता येणार नाही. रेल्वेच्या वैधानिक व मान्यताप्राप्त कँटीनमधले कामगार रेल्वेचेच, हे एम. एम. आर. खान प्रकरणात १९९० मध्ये ठरले. आपल्याला ‘पद’ मिळाले म्हणून संरक्षण मिळाले. बचत गटातली बाई राबते कामगारासारखी, पण कागदावर ती पुरवठादार. करार संपला की तिच्या हाती उरते ती किराणा दुकानाची उधारी आणि थकलेले बिल.

आहार खरोखरच खराब असेल तर ठेका जावाच. मुलाच्या पोटापुढे कोणाचाही ठेका मोठा नाही. पण नमुना तपासा, नोटीस द्या, म्हणणे ऐका, कारण लेखी द्या. एवढी मागणी न्याय्य आहे.

आपण काय करू शकतो? चार्जशीटला उत्तर कसे द्यायचे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तीच विद्या या बायकांना द्या. कराराची प्रत घरात ठेवा म्हणावे. प्रत्येक पुरवठ्यावर सही-शिक्का घ्या. नोटिशीला मुदतीत उत्तर द्या आणि स्पीड पोस्टची पावती जपा. उच्च न्यायालयात जायचे तर लगेच जा. नवा ठेकेदार कामाला लागल्यावर न्यायालयही हात आखडते. आणि एकटा गट जाऊ नये, तालुक्यातले सगळे गट मिळून जावेत.

राजम्माचा निकाल आपल्या कामी आला. आता त्याचा धडा त्यांच्या कामी येऊ द्या.