भिंतीचा निळा रंग : नीळ की मोरचूद?



दिवाळीच्या तोंडावर घराला चुना द्यायची आपली जुनी रीत. आता डब्यातले तयार रंग गावोगाव आले. तरी गोठा, माजघर, शाळेची जुनी खोली येथे चुना अजून चालतो. नुसता पांढरा चुना डोळ्यांवर येतो, म्हणून त्यात थोडी निळाई घालतात. ती दोन वस्तूंनी येते : एक नीळ, दुसरा मोरचूद. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही निळेच. पण गुण अगदी वेगळे.

नीळ म्हणजे येथे कपड्यांची पुडीतली भुकटी. बाटलीतली पातळ नीळ नव्हे. पूर्वी हा रंग लाजवर्द नावाचा महागडा दगड कुटून काढीत. १८२८ च्या सुमारास युरोपात तो कारखान्यात करण्याची युक्ती सापडली आणि नीळ स्वस्त झाली. ती चुन्यात टिकते. किंचित जांभळट, शांत अशी तिची छटा असते.

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. चुन्यात पडला की त्याचा फिकट आकाशी रंग होतो. पुढे त्यावर हिरवट झाकही येते. द्राक्षबागाईतदारांना हे सांगायला नको, कारण त्यांचे बोर्डो मिश्रण ते हेच, मोरचूद आणि चुना! बुरशीला मारणारे औषध ते. मग घरात किती जपायला हवे?

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. रंगाची तयारी चालली होती. मोरचुदाची पुडी ओट्यावर उघडी राहिली. धाकट्या पुतण्याने त्यातला चकचकीत निळा खडा उचलला. खडीसाखर समजून तोंडाशी नेला. वहिनींनी झडप घालून हिसकावला म्हणून निभावले. मोरचूद पोटात गेला तर जिवावर बेतते. चुन्याची भिंत हाताला लागते, लहान मूल ती चाटतेही. म्हणून स्वयंपाकघर, निजण्याची खोली आणि शाळेचा वर्ग येथे नीळच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना बाहेरच्या भिंतीला मोरचूदच हवा, त्यांनी तो मातीच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवावा. लोखंडी बादलीत त्यातले तांबे लोखंडावर बसते. गुरुजींनी मुलांना खिळा बुडवून हे जरूर दाखवावे. मात्र खडे स्वतःच्या ताब्यात ठेवावेत. उरलेले पाणी विहिरीत, ओढ्यात सोडू नये, मासे मरतात.

आता नीळ घालायची कशी? भुकटी चुन्यात तशीच टाकली तर भिंतीवर रेघा उठतात. फडक्यात पुरचुंडी बांधून ती पाण्यात चोळावी आणि ते पाणी गाळलेल्या चुन्यात थोडे थोडे घालून ढवळावे. लागेल तेवढा रंग एकदमच कालवावा. दुसऱ्या खेपेला तीच छटा साधत नाही.

आणि घाई नको. ओला चुना गडद दिसतो, वाळल्यावर पुष्कळ फिकटतो. आधी कोपऱ्यात हातभर जागा रंगवा, पुरती वाळू द्या. ती दिवसा पाहा, रात्री दिव्याच्या उजेडातही पाहा. पिवळ्या उजेडात निळा रंग मळकट दिसतो, शिवाय गडद भिंत उजेड गिळते. एकच खिडकी असलेल्या खोलीत मूल अभ्यासाला बसणार असेल, तर नीळ चिमूटभर कमीच घाला.

भिंत शोभेलही आणि घरही सुखरूप राहील.