गाण्याची थोरवी ठरते कोठे?



सिरोंच्याहून गोदावरीचा पूल ओलांडला की कालेश्वर लागते. कालेश्वर ज्या जयशंकर भूपालपल्ली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील चल्लगरिगे हे खेडे म्हणजे कवी चंद्रबोस यांचे जन्मगाव. त्यांच्या 'नाटू नाटू' या तेलुगू गीताला १२ मार्च २०२३ रोजी लॉस एंजलिस येथे ऑस्कर मिळाले. सिरोंच्यात तेलुगू घरोघरी बोलली जाते. येथे त्या गीताचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. 'आरआरआर' या चित्रपटाचा एक नायक कोमरम भीम यांच्यावर बेतलेला आहे. निजामी सत्तेशी झुंजत १९४० मध्ये जोडेघाट येथे धारातीर्थी पडलेले हे गोंड वीर प्राणहितेपलीकडच्या आसिफाबाद मुलखातले. कवी एका नदीपलीकडचा, नायक दुसऱ्या नदीपलीकडचा, आणि गीताची थोरवी मात्र सातासमुद्रापलीकडे ठरली! त्या सोहळ्यात गायक राहुल सिप्लिगुंज आणि कालभैरव हेच होते. परंतु नर्तकवृंदात भारतीय वंशाच्या कलाकारांना डावलल्याची टीका पुढे बरीच झाली.

गाण्याच्या चित्रफितींना मंचावरून गौरविण्याची प्रथा फार जुनी नाही. ग्रॅमीने १९८२ मध्ये चित्रफितीसाठी पहिले पारितोषिक दिले. तत्पूर्वी १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली होती. ध्वनिमुद्रिका खपाव्यात म्हणून कंपन्या आपल्या चित्रफिती तिला विनामूल्य पुरवीत. याचा अर्थ असा, की वाहिनीचा कार्यक्रम म्हणजेच जाहिरात होती. १४ सप्टेंबर १९८४ रोजी याच वाहिनीने न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये स्वतःचा पुरस्कार सोहळा भरविला. दुकानदाराने आपल्याच दुकानातील मालाला पदक द्यावे, तसा हा व्यवहार.

तथापि त्या सोहळ्याला केवळ नावे ठेवणे न्याय्य होणार नाही. आरंभीच्या काळात कृष्णवर्णीय कलावंतांना ही वाहिनी दूर ठेवते, असा आरोप होता. १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनच्या चित्रफितींनी ती कोंडी फुटली. पहिल्याच सोहळ्यात हर्बी हॅन्कॉक या जॅझ वादकाच्या 'रॉकिट'ला पाच, तर 'थ्रिलर'ला तीन पारितोषिके मिळाली. दिग्दर्शक, नृत्यरचनाकार, संकलक, छायाचित्रणकार अशा पडद्यामागच्या माणसांची नावे तेथे मंचावरून घेतली गेली, ही गोष्ट मोलाची होती.

मात्र त्या रात्रीची चर्चा झाली ती वधूवेषात मंचावर लोळत गाणाऱ्या मॅडोनाची. तिला त्या वर्षी एकही पारितोषिक नव्हते. आयोजकांनी बोध घेतला, आणि खळबळ हा सोहळ्याचा भागच बनला. २००९ मध्ये कान्ये वेस्टने टेलर स्विफ्टच्या हातातील ध्वनिक्षेपक ओढून घेतला, हे जगाला स्मरते. तेव्हा तिला पारितोषिक कोणत्या गाण्यासाठी मिळत होते, हे किती जणांना सांगता येईल?

भारतात ही हवा १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्यांबरोबर आली. १९९४ मध्ये चॅनल व्ही आले, १९९६ मध्ये एमटीव्हीची भारतीय वाहिनी. गाणे ऐकायचे असते, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीच्या जागी गाणे पाहायचे असते, ही समजूत मध्यमवर्गीय घरात रुजली. १९५४ पासून चालत आलेल्या फिल्मफेअरसारख्या सोहळ्यांनाही नाचगाण्याच्या रंजनाचे रूप येत गेले. चॅनल व्ही १५ सप्टेंबर २०२१ रोजी बंद पडले. एमटीव्हीचे पुरस्कार मात्र चालूच आहेत. २०२५ चा सोहळा तर अमेरिकेत सीबीएस या सर्वसाधारण वाहिनीवरूनही दाखविण्यात आला. गाणी दाखविणारे मागे पडले, गौरवाचा बाजार टिकला.

गडचिरोली जिल्ह्याला दुसरी एक कसोटी ठाऊक आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस झाडीपट्टीची नाटके धान कापणीनंतर रात्र-रात्र रंगतात, आणि तिकीट काढून आलेला शेतकरी-शेतमजूर नाटकाचा निकाल जागच्या जागी लावतो. याच रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 'नाटू नाटू'चे संगीतकार कीरवाणी यांचे नावही त्याच यादीत होते. एकाला सारे जग ओळखते. दुसऱ्याचे नाव त्याच्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला किती घरांत पोहोचले असेल?

आता चित्रफीत काढण्यास वाहिनी लागत नाही. हातातला मोबाईल पुरतो, आणि परीक्षकाच्या जागी पाहणाऱ्यांचा आकडा येऊन बसला आहे. सिरोंच्याच्या तरुणांपुढे येथे खरा प्रश्न आहे. गाजलेल्या चित्रफितीची नक्कल करून तो आकडा वाढवायचा, की बतुकम्माभोवती फेर धरणाऱ्या आजीचे आणि माडिया पाड्यावरच्या रेला गाणाऱ्यांचे गाणे टिपायचे? टिपले तरी त्याखाली नाव बहुधा चित्रण करणाऱ्याचेच येते. एमटीव्हीने निदान संकलकाचे नाव मंचावरून पुकारले होते; येथे गाणारीचे नाव आणि तिचे गाव लिहायला एक ओळ पुरेल.