उतारावरचा गिअर

मी कॉलेजात मराठी शिकवतो. यंत्रातलं आपल्याला काही कळत नाही, असं मी पुष्कळ वर्षं मोठ्या ऐटीत सांगत असे. त्या ऐटीची किंमत एकदा कन्नडच्या घाटात मोजावी लागता लागता राहिली. म्हणून आज व्याकरण बाजूला ठेवून मोटारीच्या गिअरविषयी बोलणार आहे.

माझं गाव बिडकीन. रोजचं जाणं-येणं पैठण रस्त्यानं, आणि हा रस्ता बहुतेक सपाट. बेचाळिसाव्या वर्षी मी एक जुनी मोटार घेतली आणि पंधरा दिवसांत हाकायला शिकलो. वेग वाढला की गिअर वर न्यायचा, एवढं शिकवणाऱ्यानं घोकून घेतलं. खाली कधी आणायचा आणि का, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढे एकदा आईला चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या दर्शनाला नेत होतो. भास्कराचार्यांच्या नातवानं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख याच पाटणला आहे, तेव्हा मलाही ओढ होतीच. कन्नड सोडलं आणि औट्रम घाट लागला. निघण्यापूर्वी एका मित्रानं सांगून ठेवलं होतं, "उताराला न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं." मी तसंच केलं. गाडी धावू लागली, मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो. पाच-सात वळणं उतरल्यावर काहीतरी जळाल्याचा वास आला. आणखी एक वळण, आणि ब्रेक दाबला तरी गाडी म्हणावी तशी ऐकेना. समोर मालमोटार होती. मी घाबरून गिअरचा दांडा कसातरी तिसऱ्यात ढकलला. इंजिन किंचाळलं, पण गाडी आवरली गेली. मग दुसरा टाकला, आणि डोंगराच्या अंगाला रुंद जागा पाहून थांबलो. आईनं डोळे उघडून विचारलं, "आलं का रे देवीचं?"

परत आल्यावर गावातल्या चाचांकडे गेलो. चाचांनी तीस वर्षं एसटी हाकली, आता नातवंडं सांभाळतात. सगळं ऐकून ते म्हणाले, "सर, तुम्ही गाडी चालवायला शिकलात, धरायला शिकला नाहीत. या उद्या सकाळी." आता जे सांगतो ते त्यांचं आहे. आकडे मात्र आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी करून दिले.

गिअर म्हणजे काय, हे पाहायला पिठाच्या गिरणीत जावं. विजेची मोटार मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते. तिच्यावर लहान पुली असते, जात्यावर मोठी. जात्याची पुली तिप्पट मोठी असेल तर जातं 480 फेरेच घेतं. पण त्याचा जोर, पट्ट्याची घसर सोडली तर, तिप्पट होतो. वेग द्यायचा आणि जोर घ्यायचा, असा हा सौदा आहे. मोटारीच्या पहिल्या गिअरात हेच घडतं. लहान मोटारीत पहिल्याला इंजिन साधारण चौदा वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला पाचाहून थोडं जास्त, चौथ्याला चार. गाडी जागची हलवायला जोर लागतो म्हणून पहिला. एकदा धावू लागली की जोर कमी पुरतो, म्हणून वरचे.

आता पैठण रस्त्यावर उसाच्या दिवसांत काय होतं ते पाहा. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, तुम्ही चौथ्या गिअरात, वेग तासाला तीस. समोरचा रस्ता मोकळा दिसला म्हणून तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता. इंजिन नुसतं घुमतं, गाडी थरथरते, पुढे काही जात नाही, आणि तोवर समोरून एसटी येते. पाय दाबला की इंजिनात हवा आणि इंधन जास्त जातं हे खरं, पण इंजिनाचे फेरेच कमी असतील तर ताकद यायची कुठून? तिथे आधी दुसरा किंवा तिसरा टाकावा, इंजिन मोकळं फिरू द्यावं, मगच बाहेर निघावं. चाचा मला म्हणाले, "काट्याकडं बघू नका सर, कान द्या. इंजन कण्हलं की खाली आणा, ओरडलं की वर न्या." महिनाभर मी कानानंच शिकलो.

खाली आणताना मात्र एक अडचण असते, आणि बहुतेक जण तिथेच झटका खातात. मोटारीचं चाक एका फेऱ्यात सुमारे पावणेदोन मीटर जातं असं धरा. तासाला चाळीसच्या वेगानं ते मिनिटाला 380 फेरे घेईल. तिसऱ्या गिअरात इंजिन तेव्हा 2000 फेऱ्यांवर असतं. त्याच वेगाला दुसऱ्यात 3000 वर असायला हवं. क्लच दाबल्यावर इंजिनाचे फेरे उलट खाली येतात. मग क्लच एकदम सोडला की हे वरचे हजार फेरे चाकांनी इंजिनाकडून ओढून काढावे लागतात, आणि गाडी नाक घासल्यासारखी अडखळते. उपाय सोपा आहे. क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला हलका टोला द्यावा, इंजिन वर आणावं आणि मग क्लच सोडावा. ओल्या रस्त्यावर तर याला फार महत्त्व आहे, नाहीतर चाकं घसरतात. आणि चाळीसच्या वेगात पहिला टाकायला जाल तर इंजिनाला पाच हजारांवर फेरे घ्यावे लागतील. ते कधीही करू नये.

चाचांच्या तरुणपणी हे काम याहून जड होतं. निजामाच्या सरकारी बससेवेला जून 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी सुरुवात झाली. जुन्या पेट्यांतून गिअर खाली आणायचा म्हणजे क्लच दोनदा दाबायचा आणि मध्ये न्यूट्रलला इंजिन फिरवायचं. चुकलं की दात करकरत. दात जुळण्याआधी त्यांचे फेरे आपोआप सारखे करणारी सिंक्रोमेशची युक्ती कॅडिलॅक मोटारीत 1928 साली आली. आज ती सगळ्या मोटारींत आहे, म्हणून दात करकरत नाहीत. पण इंजिनाचे फेरे जुळवणं आपल्याच पायाकडे राहिलं आहे.

आता पुन्हा घाटात येऊ. दहा क्विंटल वजनाची मोटार तीनशे मीटर खाली उतरली असं धरा. या उतरण्यातली शक्ती सगळी ब्रेकवर घेतली, तर तेवढ्या उष्णतेत नऊ लिटर साधं पाणी उकळीला येईल. हंड्याचं हे आधण तुम्ही चाकांतल्या तळहाताएवढ्या पट्ट्यांवर ठेवता! त्या तापल्या की त्यांची पकड सुटत जाते. ब्रेकचं तेलच उकळलं तर त्यात बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक तळाशी जातो.

गिअरात गाडी असली की हे ओझं इंजिन वाटून घेतं. पाय काढल्यावर पेट्रोल इंजिनाची हवेची झडप मिटते, आणि चाकांना त्या कोंडलेल्या इंजिनाला फिरवत न्यावं लागतं. डिझेलला हा अटकाव कमी मिळतो, तरी खालच्या गिअरात तोही कामाचा असतो. बैलगाडीवाल्यांना हे सांगायला नको. उतारावर जू शिंगांकडे सरकतं, आणि बैलच पाय रोवून गाडी थोपवतात. न्यूट्रलमध्ये घाट उतरणं म्हणजे जुवाखालून बैल काढून भरली गाडी उताराला सोडणं.

आणि पेट्रोल वाचतं म्हणाल, तर आजच्या इंजिनात तेही खोटं आहे. गिअरात असताना पाय काढला की इंधनाचा पुरवठा बंद होतो, इंजिनाला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. कोणी किल्लीच बंद करून उतरतात. त्यांचं स्टिअरिंग जड होतं, आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो.

चाचांचा हिशेब असा: ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरायचं, आणि तो उतार लागण्याआधी टाकायचा. ब्रेक लागेल तेव्हा ठाशीव दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही.

टोयोटा किर्लोस्कर कंपनीनं 31 जुलै 2024 रोजी छत्रपती संभाजीनगरला कारखाना उभारण्याचा सामंजस्य करार शासनाशी केला. आमच्या भागातली पोरं आता मोटारी करायला जाणार म्हणून गावात आनंद आहे. पोरं मला विचारतात, "सर, विजेच्या मोटारीला गिअर बदलावाच लागत नाही, मग हे शिकायचं कशाला?" बहुतेकींत लागत नाही हे खरं. पाय काढला की तिची मोटारच जनित्र होऊन गाडी थोपवते. पण गावातले टेम्पो, जीप, ट्रॅक्टर उद्याच बदलणार नाहीत, आणि लग्नाची वऱ्हाडं त्यांतूनच घाट उतरतात.

पुढच्या वर्षी आईला पुन्हा पाटणादेवीला नेलं. या वेळी शेजारी चाचा बसले होते. घाटाच्या तोंडाशी मी दुसरा टाकला, मागच्यानं भोंगे वाजवले तरी बदलला नाही. तो पुढे निघून गेला. पायथ्याशी उतरून चाचांनी चाकाजवळ हात नेला, मग मला न्यायला लावला. चाक कोमट होतं.