सहलीचा दिवस कोणी ठरवायचा?



मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसईच्या पूर्वेला चिंचोटीचा फाटा लागतो. येथून एक रस्ता कामणमार्गे भिवंडीकडे जातो आणि याच परिसरातून तुंगारेश्वराच्या डोंगरात शिरणारी पायवाट चिंचोटीच्या धबधब्यापाशी पोहोचते. आषाढ लागला की शनिवार-रविवारी या फाट्यावर रिक्षा, दुचाकी आणि पाठीवर पिशव्या अडकवलेल्या तरुणांची दाटी होते. मुंबई, ठाणे आणि वसई-विरार या तिन्ही बाजूंनी सकाळी निघून संध्याकाळी परतता येते, खर्च जवळजवळ नाही आणि निसर्ग तर ओंजळ भरून उभा. मग या धबधब्यावर पावसाळ्यात मनाई आदेश का काढावे लागतात? पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ त्याच्या जागी आले. कायद्याचे कलम बदलले, तरी ज्या प्रवृत्तीमुळे आदेश काढावा लागतो ती प्रवृत्ती बदललेली नाही.

७ जुलै २०१८ हा शनिवार होता. त्या दिवशी चिंचोटीच्या धबधब्यावर शंभरावर पर्यटक अडकून पडले. सकाळी त्यांनी जे ओहोळ हसत-खेळत ओलांडले होते, तेच परतीच्या वेळी फुगून आडवे आले. पोलीस, अग्निशमन दल, आपत्ती निवारण पथके आणि स्थानिक ग्रामस्थ यांना धावपळ करून या लोकांना बाहेर काढावे लागले. एका तरुणाला मात्र प्राणास मुकावे लागले. त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत वसई-नालासोपारा परिसर पाण्याखाली गेला आणि पश्चिम रेल्वेची वाहतूक कोलमडली. ज्या यंत्रणेला हजारो घरांची काळजी वाहायची होती, तिला त्या काळाच्या उंबरठ्यावर सहलीला आलेल्यांसाठी जंगल तुडवावे लागले, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

हे संकट कसे येते, ते नीट समजून घेतले पाहिजे. चिंचोटीचा प्रवाह तुंगारेश्वराच्या डोंगरमाथ्यावरून उतरतो. माथ्यावर मुसळधार पाऊस कोसळत असताना पायथ्याशी ऊन पडलेले असू शकते. खाली डोहात डुंबणाऱ्याला वरच्या पावसाची वार्ता नसते. डोंगरउतारावरचे पाणी अरुंद नाळेत एकवटते आणि पाहता पाहता पातळी वाढते. नितळ पाण्याला अचानक मातकट रंग येणे, प्रवाहात पालापाचोळा व काटक्या वाहत येणे, वरून येणारा घुमणारा आवाज वाढणे, या त्याच्या खुणा होत. खूण ओळखता येईपर्यंत बाहेर पडायला हाती काही मिनिटेच उरलेली असतात. ‘नदीचे मूळ शोधू नये’ असे एक वचन मराठीत रूढ आहे. पावसाळी सहलीच्या बाबतीत मात्र पाण्याचे मूळ शोधल्याखेरीज पाण्यात पाऊल टाकू नये.

‘आम्हाला पोहता येते’ हे उत्तर येथे अपुरे आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर पाणीही वेगात असेल तर धडधाकट माणसाचे पाय उचलते. धबधब्याखालच्या डोहात पाण्यात हवा मिसळून फेस झालेला असतो. अशा पाण्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही आणि वरून कोसळणारी धार माणसाला पुन्हा पुन्हा खाली दाबते. भोवतीचे खडक शेवाळलेले. तरणतलावात पटकावलेली पदके येथे कामाला येत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चिंचोटीला जायचे जुलैमध्येच, आणि तेही सुट्टीच्याच दिवशी, हे कोण ठरवते? डोंगर ठरवत नाही, पाऊस ठरवत नाही. कार्यालयाच्या सुट्ट्यांचा तक्ता ठरवतो, मित्रांनी गेल्या आठवड्यात पाठवलेली छायाचित्रे ठरवतात. सगळ्यांना सुट्टी एकाच दिवशी, सगळ्यांनी ऐकलेले ठिकाण एकच, म्हणून गर्दीही तेथेच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुले होती. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. हे दोन्ही दिवस रविवारचे होते. या ठिकाणांना दोष देऊन भागणार नाही. चुकली ती दिवसाची निवड.

हा रविवार आला कोठून, याचेही स्मरण ठेवले पाहिजे. मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून ती मिळवली आणि १८९० साली रविवार हा कामगारांचा विश्रांतीचा दिवस ठरला. दिवस-दिवस यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला एक दिवस घरच्यांसाठी आणि समाजासाठी मिळावा, ही त्यामागची तळमळ होती. कष्टाने मिळालेला हा दिवस एखाद्या घरात आयुष्यभराचा काळा दिवस ठरावा, यासारखे दुर्दैव कोणते?

प्रवास केव्हा करावा आणि केव्हा करू नये, हे ज्ञान या समाजाला नवे नाही. चातुर्मासात भ्रमण करणारे संन्यासी एका जागी मुक्काम करीत. नद्यांना पूर, वाटा चिखलाच्या, आणि पायाखाली असंख्य जीवजंतू, म्हणून चार महिने थांबायचे, ही त्यामागची व्यवहारबुद्धी व करुणा होती. वसईच्या किनाऱ्यावरील कोळी बांधव खवळलेल्या समुद्राचा मान राखतात, नारळी पौर्णिमेला त्याला नारळ अर्पण करतात आणि मगच होड्या पाण्यात लोटतात. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणारा माणूस पावसाळ्यात किनाऱ्यावर थांबतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मराठ्यांच्या स्वाऱ्याही पाऊस सरल्यावर, दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेची अखेर मे १७३९ मध्ये, पावसाळा तोंडावर असताना झाली. ज्यांनी हा किल्ला जिंकला त्यांच्या शौर्याबद्दल शंका घेता येईल काय? तरीही ऋतूचे गणित त्यांनी दुर्लक्षिले नाही.

येथे कोणी विचारील की, मग आषाढी वारी भर पावसाळ्यात कशी निघते? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर बोधप्रद आहे. वारीची वाट देशावरून जाते, जेथे कोकणाच्या मानाने पाऊस पुष्कळ कमी असतो. वाट शतकांच्या अनुभवाने आखलेली आहे, मुक्काम ठरलेले आहेत, बहुतेक वारकरी कोणत्या ना कोणत्या दिंडीत असतात आणि दिंडीला तिची शिस्त असते. कोणी मागे राहिला तर शोध घेणारे लोक असतात. पावसात बाहेर पडूच नये असे आपली परंपरा सांगत नाही. कोठे, केव्हा, कोणाबरोबर आणि कोणत्या अनुशासनाने जायचे, हे ती आधी ठरवते.

तेव्हा चिंचोटीचाच विचार करू. मुंबई परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परततो. सांताक्रूझच्या नोंदींनुसार एकट्या जुलैचा सरासरी पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे. सप्टेंबरचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. धो-धो कोसळणारा प्रवाह पाऊस ओसरल्यावर शांत होतो, वाट सुकते, झाडे मात्र हिरवीच असतात. मनाई उठलेली असेल आणि वनखात्याची अनुमती असेल तर नवरात्र-दिवाळीच्या दिवसांतला चिंचोटीचा डोंगर हा जुलैतल्या चिंचोटीपेक्षा कितीतरी मोकळा आणि आश्वासक असतो. शिवाय हे तुंगारेश्वर अभयारण्य आहे. २००३ साली ते घोषित झाले. तेथील प्राणी, पक्षी आणि पाणी यांच्या घरी आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्याने यजमानाची वेळ पाहून जायचे असते, हा संस्कार प्रत्येक मराठी घरात आहेच.

आणि जुलैच्या रविवारी कुटुंबाला बाहेर पडायचेच असेल तर? वसईचा परिसर त्यासाठीही समृद्ध आहे. तानसेच्या खोऱ्यातील वज्रेश्वरीचे मंदिर वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांच्या नवसाची फेड म्हणून उभे राहिले, अशी परंपरा आहे. जवळच अकलोली व गणेशपुरीची उष्णोदकाची कुंडे आहेत. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा अवशेषही याच नगरीत सापडला. निर्मळ हे जुने तीर्थक्षेत्र आहे. विरारच्या डोंगरावर जीवदानी माता आहे. किती मुलांनी हे पाहिले आहे? परगावच्या धबधब्याचे नाव ज्या मुलाला ठाऊक असते, त्याला आपल्या गावाच्या अडीच हजार वर्षांच्या इतिहासाची ओळख नसावी, हे पालकांनी विचार करण्याजोगे आहे. पावसाचा आनंद घ्यायला धबधब्याखाली उभे राहावेच लागते असे थोडेच आहे?

या विषयाला आणखी एक बाजू आहे. कोणी बुडाल्यावर डोहात उतरतो तो बहुधा डोंगराच्या पायथ्याचा तरुण. पाड्यांवरची ही मुले वाट दाखवतात, हाका मारतात, दोर टाकतात आणि वेळ आली तर मृतदेह खांद्यावरून खाली आणतात. त्या दिवशीची त्यांची मजुरी बुडते, जीव धोक्यात जातो. वर्तमानपत्रात त्यांचे नाव येत नाही. ‘आमचा जीव आहे, आम्ही पाहून घेऊ’ असे म्हणणारा तरुण या मुलांचाही जीव पणाला लावत असतो. स्वातंत्र्य आणि कर्तव्य यांचा संबंध शिकवायला याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

सहल ठरवताना म्हणून क्रम उलटा करावा. आधी ठिकाण आणि मग मिळेल तो दिवस, असे न करता आधी ऋतू पाहावा, मग दिवस, मग ठिकाण. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग आता सर्वांना परिचित आहेत. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर ओढे, धबधबे, किनारे वर्ज्य समजावेत. स्थानिक प्रशासनाची मनाई आहे का, याची चौकशी करावी. कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे घरी लिहून ठेवावे. परतीच्या वाटेवर ओढा ओलांडावा लागणार असेल तर ती वाटच घेऊ नये. गट मोठा असेल तर एकाला प्रमुख नेमावे आणि तो ‘मागे फिरा’ म्हणाला की वाद न घालता फिरावे. शाळा, मंडळे आणि संस्था यांच्या सहलींना तर हा नियम अपवादाविना लागू असावा. कारण तेथे दुसऱ्यांची मुले सोबत असतात.

यातील सर्वांत अवघड गोष्ट शेवटची आहे. मागे फिरायला धैर्य लागते. दहा मित्र पुढे निघालेले असताना अकराव्याने ‘आज नको’ म्हणणे सोपे नसते. त्याची थट्टा होते. अशा वेळी त्या अकराव्याच्या पाठीशी उभा राहणारा एक जरी निघाला, तरी बहुतेक वेळा सगळा गट थांबतो. समाजात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत, आपल्या मित्रमंडळात तो दुसरा माणूस व्हावे. भाषण देण्याची गरज नाही. शनिवारी रात्री चार घरी जाऊन उद्याचा बेत विचारावा, इशारा कोणता आहे ते सांगावे आणि चिंचोटीऐवजी वज्रेश्वरी सुचवावी. एवढ्या साध्या बोलण्याने एखादे घर वाचू शकते. त्या घराला कदाचित हे कधी कळणारही नाही, आणि तसे कळण्याची वेळ न येणे हेच या कामाचे यश आहे.

येत्या आषाढात चिंचोटीचा धबधबा कोसळेल, तसा तो शतकानुशतके कोसळत आला आहे. त्याला तेव्हा एकटे राहू द्यावे. दिवाळीच्या सुट्टीत, कोवळ्या उन्हात, मुलांचे हात धरून, परवानगी घेऊन त्याच्या भेटीला जावे. पाणी तेव्हा थोडे असेल. घरून निघालेली सगळी माणसे मात्र संध्याकाळी दिवेलागणीला घरी परतलेली असतील.